कर्करोग बरा झाला, पण विमा आणि कर्ज अडलं: काय करावं, काय करू नये

साताऱ्याच्या एका भावाने हा प्रश्न विचारला आहे. त्यांची मोठी बहीण ४४ वर्षांची आहे, खासगी शाळेत शिक्षिका आहे. स्तनाचा कर्करोग झाला होता, दुसरी स्टेज. शस्त्रक्रिया, किमो आणि रेडिएशन संपून सहा वर्षं झाली. हार्मोनची गोळी चालू आहे, दर वर्षीची तपासणी स्वच्छ येते. फ्लॅटसाठी ३५ लाखांचं कर्ज मंजूर झालं, पण त्यासोबत आयुर्विमा घ्यावाच लागेल असं बँकेने सांगितलं. विमा कंपनीने नकार दिला आणि तोही तोंडी. आरोग्य विम्याचे दोन अर्जही परत आले. आता एजंट म्हणतो, ‘फॉर्मवर कॅन्सर लिहूच नका. तीन वर्षं गेली की कोणी काही विचारू शकत नाही.’ भावाला तीन गोष्टी विचारायच्या आहेत: एजंटचं ऐकावं का, कर्जाचं काय करावं, आणि ताईंच्या मुलीलाही पुढे हाच त्रास होणार का.

मी बरीच वर्षं अंडररायटर होतो. अर्ज वाचून कोणाला विमा द्यायचा, किती हप्त्याने द्यायचा आणि कोणाला नाही म्हणायचं, हे ठरवणारा माणूस म्हणजे अंडररायटर. आता कर्करोगातून बाहेर पडलेल्या कुटुंबांच्या विमा-कर्जाच्या प्रकरणांत मदत करतो. त्या अनुभवावरून सविस्तर लिहितो.

आधी एजंटच्या सल्ल्याबद्दल. तो ऐकू नका. विमा कायदा १९३८ च्या कलम ४५ नुसार आयुर्विम्याच्या पॉलिसीला तीन वर्षांनंतर कोणत्याही कारणाने आव्हान देता येत नाही, हे खरं आहे. २०१५ च्या दुरुस्तीने ही मुदत पक्की झाली. पण एजंट अर्धंच सांगतो. त्या तीन वर्षांत मृत्यू झाला, तर कंपनी पहिली चौकशी रुग्णालयाच्या नोंदींची करते, आणि कर्करोगाची नोंद सापडायला फार शोधावं लागत नाही. जाणूनबुजून लपवल्याचं ठरलं की क्लेम जातो, आणि घरच्यांच्या डोक्यावर कर्ज राहतं. शिवाय हे कलम आयुर्विम्याचं आहे. आरोग्य विम्याचा नियम वेगळा आहे. तिथे सलग ६० महिने पॉलिसी चालल्यावर जुन्या आजाराची माहिती दिली नाही म्हणून क्लेम नाकारता येत नाही, मात्र फसवणूक सिद्ध झाली तर ते संरक्षण उरत नाही. ‘कर्करोग झाला आहे का?’ या प्रश्नापुढे ‘नाही’ लिहिणं म्हणजे कंपनीच्या हातात तेच हत्यार देणं. आणि पुढचं सगळं आयुष्य ताईंनी दर तपासणीला ‘हे कुठे नोंदलं जाईल का’ या भीतीत काढायचं का? फॉलो-अप टाळण्याची सवय तिथूनच लागते, आणि ती विम्यापेक्षा कितीतरी महाग पडते.

खरं लिहिण्याचा फायदा न्यायालयातही मिळतो. सर्वोच्च न्यायालयाने मनमोहन नंदा विरुद्ध युनायटेड इंडिया या डिसेंबर २०२१ च्या निकालात स्पष्ट सांगितलं, की अर्जात कळवलेला आजार पाहून, तपासून कंपनीने पॉलिसी दिली, तर नंतर त्याच आजाराचं कारण सांगून क्लेम फेटाळता येत नाही. म्हणजे अर्जातली खरी ओळ ही उद्याची ढाल आहे. फक्त ती ओळ तुमच्या हातात पुराव्यासकट हवी: भरलेल्या फॉर्मची प्रत, सोबत जोडलेल्या कागदांची यादी, आणि कंपनीची पोच.

बँकेतल्या फॉर्मबाबत इथे एक सावधगिरी, कारण मी हे पुन्हापुन्हा पाहिलं आहे. कर्जासोबतच्या ग्रुप विम्यात बहुधा वैद्यकीय तपासणी नसते, फक्त ‘प्रकृती उत्तम असल्याचं घोषणापत्र’ असतं. ते शाखेतला कर्मचारी टॅबवर भरतो, सगळीकडे ‘नाही’ वर टिचकी मारतो आणि ग्राहकाकडून ओटीपी घेतो. ग्राहकाला वाटतं ही कर्जाचीच एखादी सही असेल. नंतर क्लेमच्या वेळी तेच घोषणापत्र समोर येतं. ताईंनी ओटीपी देण्याआधी पूर्ण फॉर्म ईमेलवर मागवावा आणि स्वतः वाचावा. घाई केली तर सरळ उठून यावं.

आता नकार का येतो ते समजून घ्या, कारण अर्ज कसा करायचा हे त्यावरूनच ठरतं. अंडररायटरपुढे ताई येत नाहीत, ताईंची फाइल येते. पुनर्विमा कंपन्यांची, म्हणजे विमा कंपन्यांचाच विमा उतरवणाऱ्या कंपन्यांची, मार्गदर्शिका असते. त्यात कर्करोगाचा प्रकार, स्टेज, ग्रेड आणि उपचार संपून किती काळ लोटला यावरून निर्णय सुचवलेला असतो: थांबवा, जादा हप्ता घ्या, किंवा नाकारा. थायरॉइडचा पॅपिलरी कर्करोग किंवा वृषणाचा लवकर सापडलेला सेमिनोमा यांच्याकडे ही मार्गदर्शिका बऱ्यापैकी सौम्यपणे पाहते. स्तनाच्या कर्करोगात लसिकाग्रंथींपर्यंत पसरला होता का, ईआर-पीआर आणि हर-टू (गाठ हार्मोनला किंवा ठरावीक औषधांना प्रतिसाद देते का ते सांगणाऱ्या चाचण्या) काय होतं, यावर सगळं अवलंबून असतं. पण फाइलमध्ये फक्त डिस्चार्ज कार्ड असेल आणि बायोप्सीचा सविस्तर रिपोर्टच नसेल, तर अंडररायटर सर्वांत वाईट शक्यता धरतो. अनेक नकार आजारामुळे आलेले नसतात, अपुऱ्या कागदांमुळे आलेले असतात.

यामागचं शास्त्र साधं आहे आणि ते ताईंच्या बाजूने आहे. निदानाच्या दिवशी डॉक्टर जी टक्केवारी सांगतात, ती त्या दिवसापासूनची असते. पाच-सहा वर्षं आजार न परतता काढलेल्या माणसाचा पुढचा धोका नव्याने मोजावा लागतो, आणि बहुतेक कर्करोगांत तो बराच उतरलेला असतो, कारण परतण्याचा जोर पहिल्या दोन-तीन वर्षांत असतो. हार्मोनला प्रतिसाद देणाऱ्या स्तनाच्या कर्करोगात मात्र पाच वर्षांनंतरही, अगदी वीस वर्षांपर्यंत, आजार परत येऊ शकतो. कंपन्या हे दाखवतात आणि ते खोटं नाही. म्हणून ताईंच्या बाबतीत ‘आता काहीच धोका नाही’ असं म्हणून चालणार नाही. म्हणायचं ते हे: धोका आहे तेवढाच मोजा, त्याचा जादा हप्ता सांगा, आणि आमच्या ऑन्कॉलॉजिस्टने जे लिहून दिलंय त्यावर बोला. ‘कॅन्सर’ हा शब्द वाचून फाइल बंद करणं म्हणजे धोका मोजणं नव्हे. अंडररायटिंगच्या नावाखाली ते काम टाळणं आहे.

म्हणून फाइल अशी करा. शस्त्रक्रियेनंतरचा हिस्टोपॅथॉलॉजी (काढलेल्या गाठीच्या तपासणीचा) रिपोर्ट, त्यात टीएनएम स्टेज, म्हणजे गाठीचा आकार, ग्रंथी आणि प्रसार. ईआर-पीआर आणि हर-टू दाखवणारा आयएचसी रिपोर्ट. किमो आणि रेडिएशन पूर्ण झाल्याचा सारांश, तारखांसकट. गेल्या तीन वर्षांचे मॅमोग्राम आणि तपासण्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, उपचार करणाऱ्या ऑन्कॉलॉजिस्टचं ताजं पत्र: सक्रिय उपचार कधी संपले, गोळी कशासाठी चालू आहे, आजार परत आल्याचं चिन्ह नाही, पुढच्या फॉलो-अपचं वेळापत्रक काय. ‘पेशंट इज फिट’ एवढी एक ओळ उपयोगाची नाही. डॉक्टरांना सांगा की हे विमा कंपनीसाठी हवंय, ते समजून लिहितात. जुने कागद हरवले असतील तर रुग्णालयाच्या मेडिकल रेकॉर्ड विभागात लेखी अर्ज द्या.

लहानपणी कर्करोग झालेल्यांची इथे फार अडचण होते. मुलीच्या लग्नात अडथळा नको म्हणून आई-वडिलांनी कागदच फाडून टाकलेले असतात, आणि पंचविशीत पहिला विमा घ्यायची वेळ आली की हातात काही नसतं. टाटा मेमोरियलमध्ये अशा मुलांसाठी १९९१ पासून उपचारोत्तर क्लिनिक चालतं, आणि इंडियन कॅन्सर सोसायटीच्या छत्राखाली ‘उगम’ हा बालपणी कर्करोगातून बरे झालेल्यांचा गट २००९ पासून काम करतो. मुलं मोठी झाली म्हणून त्या फॉलो-अपचा धागा तोडू नका. कागद तिथूनच मिळतात.

आता अर्जांचा क्रम. प्रत्येक प्रपोजल फॉर्मवर एक प्रश्न असतो: ‘तुमचा विमा अर्ज पूर्वी कोणी नाकारला, पुढे ढकलला किंवा जादा हप्त्याने स्वीकारला आहे का?’ म्हणजे प्रत्येक नकार पुढच्या अर्जावर तुमच्यासोबत जातो. वेबसाइटवरून एकाच आठवड्यात सहा कंपन्यांना अर्ज टाकणं हे त्यामुळे सर्वांत वाईट. ताईंचे तीन नकार आधीच झाले आहेत, म्हणून आता थांबा. अर्ज करण्याआधी कंपनीच्या शाखेमार्फत किंवा चांगल्या ब्रोकरमार्फत ‘प्राथमिक मत’ मागता येतं: नाव न देता केसचा सारांश पाठवायचा आणि विचारायचं, की अशा केसमध्ये विचार करणार का, आणि साधारण किती जादा हप्ता. उत्तर अनुकूल आलं तरच रीतसर अर्ज. जादा हप्ता पाहून दचकू नका. दर हजारी ५ रुपये जादा म्हणजे ३५ लाखांवर वर्षाला १७,५०० रुपये. हा हप्ता पुष्कळदा ठरावीक वर्षांपुरताच असतो, म्हणून तो कधी संपणार हे लेखी घ्या.

आणि तोंडी नकार कधीच स्वीकारू नका. हे मी प्रत्येक कुटुंबाला पहिल्या भेटीत सांगतो. ‘साहेब, नाही झालं’ या वाक्यावर कुठेही तक्रार करता येत नाही. ईमेल करा: माझा अमुक तारखेचा अर्ज कोणत्या वैद्यकीय कारणाने नाकारला, ते कृपया लेखी कळवा. लेखी कारण आलं की दोनपैकी एक गोष्ट होते. एकतर कळतं की एखादा रिपोर्ट कमी होता, आणि तो दिला की फाइल पुन्हा उघडते. किंवा कारण इतकं ढोबळ असतं की त्यावर तक्रार उभी राहते.

कर्जाकडे येऊ. बँकेने विकलेला आयुर्विमा घेणं ऐच्छिक आहे. बँकेची सेवा आणि विमा यांची सांगड घालू नये, ग्राहकाचा सहभाग पूर्णपणे स्वेच्छेचा असावा, असं रिझर्व्ह बँकेचे नियमच सांगतात. घराचा आग-भूकंपाचा विमा ही वेगळी गोष्ट आहे. तो कर्जाच्या करारात मागितला जाऊ शकतो, आणि त्याचा तब्येतीशी काही संबंध नाही. म्हणून ताईंनी शाखाधिकाऱ्यांना लेखी विचारावं: हा आयुर्विमा माझ्या कर्जाची अनिवार्य अट आहे का? असल्यास मंजुरीपत्रातलं कलम दाखवा. माझा अनुभव असा, की हा प्रश्न कागदावर गेला की ‘अट’ बहुधा ‘सल्ला’ होते. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांना बँकेने ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ (कर्जाच्या मुख्य अटी आणि खर्च एका ठिकाणी दाखवणारा कागद) द्यावंच लागतं आणि विम्याचा खर्चही त्यात दाखवावा लागतो. ते मागून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०१४ च्या ग्राहक हक्क सनदेत न्याय्य वागणुकीचा हक्क पहिला आहे, आणि शारीरिक क्षमतेवरून अन्याय्य भेदभाव करू नये असं त्यात लिहिलं आहे. तक्रारीत त्याचा उल्लेख जरूर करा. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा समाधान केलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार ऑनलाइन आणि विनाशुल्क करता येते.

पण सक्ती नाही म्हणून विमा नकोच, असं मी म्हणत नाही. ३५ लाखांचं कर्ज आणि मागे एक मुलगी आहे. संरक्षण हवंच, फक्त ते एकाच पॉलिसीतून यायला हवं असं नाही. ताईंनी आजाराआधी एलआयसीची किंवा कोणतीही आयुर्विमा पॉलिसी घेतली आहे का? असेल तर ती सोनं आहे. विमा कायद्याच्या कलम ३८ खाली ती बँकेच्या नावे असाइन, म्हणजे हस्तांतरित, करता येते. तिचा हप्ता कधीही चुकवू नका, कारण पॉलिसी बंद पडून पुन्हा चालू करायची झाली की नव्याने प्रकृतीचं घोषणापत्र लागतं आणि कलम ४५ ची तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजली जातात. एका हप्त्यासाठी जुनी पॉलिसी गमावलेले लोक पाहिले की जीव तुटतो. ताईंना शाळेत पीएफ आहे ना? मग ईडीएलआयचं, म्हणजे पीएफसोबतच्या आयुर्विम्याचं, संरक्षण आपोआप आहे, कमाल ७ लाखांपर्यंत, आणि त्यासाठी तब्येतीचा एकही प्रश्न नाही. खात्यावरचं नॉमिनेशन मात्र आजच तपासा. संस्थेची ग्रुप टर्म पॉलिसी असेल तर तिच्यात एका मर्यादेपर्यंत वैद्यकीय तपासणीविना विमा मिळतो. प्रधानमंत्री जीवन ज्योती योजनेत वर्षाला ४३६ रुपयांत २ लाखांचं संरक्षण आहे, १८ ते ५० वयात नोंदणी होते आणि वैद्यकीय तपासणी लागत नाही. अर्जावरचं घोषणापत्र मात्र नीट वाचून सही करा. कर्जात सहकर्जदार घेता येत असेल, तर त्याच्या नावावर पुरेसा टर्म विमा घ्या. हे सगळं जोडलं की बराचसा भाग झाकला जातो.

आरोग्य विम्याचं गणित वेगळं आहे, आणि २०२४ नंतर ते ग्राहकाच्या बाजूने थोडं झुकलं आहे. आधीपासूनच्या आजारासाठीचा वेटिंग पीरियड, म्हणजे त्या आजाराचा क्लेम मिळण्याआधी थांबायची मुदत, कमाल ३६ महिने झाला, पूर्वी तो ४८ होता. मॉरेटोरियम, म्हणजे वर सांगितलेली ६० महिन्यांची मुदत, आठ वर्षांवरून पाच वर्षांवर आलं. आधीपासूनचा आजार कोणता, याची व्याख्याही पॉलिसीच्या आधीच्या ३६ महिन्यांत निदान झालेला किंवा वैद्यकीय सल्ला-उपचार घेतलेला आजार अशी झाली. ताईंचं निदान सहा वर्षांहून आधीचं, म्हणून वाटेल की आपण या व्याख्येत बसतच नाही. तसं होत नाही. गोळी चालू आहे, दर वर्षी डॉक्टरांकडे जातात, म्हणजे सल्ला आणि उपचार चालूच आहेत असं कंपनी धरते. २०१९ च्या सूचनांनी काही आजार ग्राहकाच्या संमतीने कायमचे वगळण्याची मुभा कंपन्यांना दिली, आणि त्या १६ आजारांच्या यादीत कर्करोगही होता. त्यामुळे ‘कर्करोग सोडून बाकी सगळ्याला विमा देतो’ असा प्रस्ताव येऊ शकतो. माझं मत असं, की दुसरा पर्याय नसेल तर तोही घ्यावा. अपेंडिक्स, डेंगी, हाड मोडणं, हृदयविकार हे कर्करोग झालेल्यांनाही होतात, आणि विमाच नसण्यापेक्षा हे बरं. फक्त वगळणुकीची भाषा अरुंद करून मागा. ‘स्तनाचा कर्करोग आणि त्याचा प्रसार’ वगळणं वेगळं, आणि ‘सर्व प्रकारचा कर्करोग व त्याची गुंतागुंत’ वगळणं फार वेगळं.

कंपनीकडे सर्व वयांसाठी आणि सर्व प्रकारच्या विद्यमान आजारांसाठी योजना असल्या पाहिजेत, असं विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, मे २०२४ च्या परिपत्रकात म्हटलं आहे. पण योजना असणं आणि तुमचा अर्ज स्वीकारणं यांत अंतर आहे, आणि कंपन्या त्या अंतरात उभ्या राहतात. म्हणून अर्ज करताना कंपनीला थेट विचारा: कर्करोगातून बऱ्या झालेल्यांसाठी तुमची कोणती योजना आहे? काही कंपन्यांकडे अशा खास पॉलिसी आहेत. त्यांत को-पे (बिलातला स्वतः भरायचा वाटा) आणि वेटिंग जास्त असतं, पण दार उघडं असतं. आणि जुनी आरोग्य पॉलिसी असेल, तर गेल्या वर्षी क्लेम केला म्हणून नूतनीकरण नाकारता येत नाही, त्या क्लेममुळे तुमच्या एकट्याचा हप्ता वाढवता येत नाही. नोकरी सोडताना ग्रुप पॉलिसीतून त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची विनंती वेळेआधी करा, म्हणजे पूर्ण केलेला वेटिंग पीरियड वाया जात नाही.

सरकारी योजनांकडे मध्यमवर्ग नाक मुरडतो, पण या प्रश्नात त्या सगळ्या एका बाबतीत सारख्या आहेत: त्या जुना आजार विचारत नाहीत. विस्तारित महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण देते, कर्करोगाच्या उपचारांसकट, मात्र ठरावीक उपचार आणि अंगीकृत रुग्णालयांत. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. घरात सत्तरीपुढचे कोणी असतील, तर २०२४ पासून आयुष्मान भारतमध्ये उत्पन्नाची अट न पाहता त्यांना कार्ड मिळतं. ताईंचं कार्ड आजारपण येण्याआधी काढून ठेवा.

तक्रारीचा रस्ता एकाच दमात सांगतो. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल. तिथून उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर. क्लेम नाकारणं, हप्त्याचा वाद, पैसे घेऊन पॉलिसी न देणं, अर्जापेक्षा वेगळी पॉलिसी देणं यांसाठी विमा लोकपाल, ज्याची कार्यालयं मुंबई आणि पुण्यात आहेत. तिथे वकील लागत नाही, फी नाही, आणि ५० लाखांपर्यंतचा निवाडा देता येतो. कंपनीच्या अंतिम उत्तरानंतर एक वर्षाच्या आत जावं लागतं. पण नुसता अर्जच नाकारला, पैसे भरलेच नव्हते, असं प्रकरण लोकपालांच्या चौकटीत सहज बसत नाही. ताईंचं तसंच आहे. तिथे बीमा भरोसा आणि नियामकाला पत्र हाच मार्ग, आणि म्हणूनच लेखी नकारावर मी इतका जोर देतो.

इथवरचं सगळं म्हणजे असलेल्या नियमांतून वाट काढणं झालं. खरी कमतरता नियमांतच आहे. आपल्याकडे फॉर्मवरच्या ‘कधीही कर्करोग झाला होता का?’ या प्रश्नाला मुदत नाही. तिसऱ्या वर्षी रक्ताचा कर्करोग होऊन बरी झालेली मुलगी तिशीतही ‘हो’ लिहीत राहते. फ्रान्सने हा प्रश्न सोडवला आहे. कर्ज आणि विमा यांच्याबाबत आजारी व्यक्तींसाठी तिथे २००७ पासून एरास नावाचा करार होता. बँका, विमा कंपन्या, रुग्ण संघटना आणि सरकार एका टेबलावर बसून त्याचे नियम ठरवत होते. २०१६ च्या कायद्याने त्यात हक्क आला: उपचार संपून १० वर्षं झाली, आणि आजार वयाच्या अठराव्या वर्षाआधी झाला असेल तर ५ वर्षं झाली, की कर्जाच्या विम्यासाठी कर्करोगाचा उल्लेखच करायचा नाही. केला तरी कंपनीने तो धरायचा नाही. २०२२ च्या कायद्याने ही मुदत सर्वांसाठी ५ वर्षांवर आणली. शिवाय माणशी २ लाख युरोपर्यंतचं आणि वयाच्या साठीआधी फिटणारं घरकर्ज असेल, तर वैद्यकीय प्रश्नावलीच रद्द केली. आणि एक बारकावा मला फार मोलाचा वाटतो. तिथे ‘उपचार संपले’ म्हणजे शस्त्रक्रिया, किमो, रेडिएशन संपले. त्यानंतर हार्मोनची गोळी चालू राहिली तरी घड्याळ थांबत नाही. ताई फ्रान्समध्ये असत्या, तर त्यांना फॉर्मवर कर्करोग लिहावाच लागला नसता.

फ्रान्सनंतर बेल्जियम, नेदरलँड्स, पोर्तुगाल, रोमानिया, स्पेन आणि इटली यांनी आपापल्या मुदतीचे कायदे केले. स्पेनने २०२३ मध्ये सरळ ५ वर्षं ठेवली, इटलीने त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये १० वर्षं, आणि एकविसाव्या वर्षाआधी आजार झालेल्यांना ५. युरोपीय संघाच्या २०२३ च्या ग्राहक कर्ज निर्देशाने ही मुदत १५ वर्षांपेक्षा जास्त असू नये असं सदस्य देशांना बांधून दिलं. पण तो निर्देश ग्राहक कर्जांपुरता आहे, घरकर्जाला तो थेट लागू नाही, आणि आरोग्य विमाही त्याच्या बाहेर आहे. हे इथे सांगितलं नाही तर चित्र उगाच गुलाबी होतं.

‘भारतात हे कसं शक्य आहे, विमा म्हणजे धोक्याचा धंदा’ असं कोणी म्हटलं, की मी आपल्याच दोन कायद्यांकडे बोट दाखवतो. एचआयव्ही आणि एड्स कायदा २०१७ म्हणतो, की विमाशास्त्रीय अभ्यासाचा आधार नसेल तर एचआयव्हीबाधित व्यक्तीला विमा नाकारता येत नाही, अन्याय्य अटी घालता येत नाहीत. त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २१ ने मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने आरोग्य विमा द्यायला लावला. संसदेने हे दोनदा केलं आहे. कर्करोगातून बाहेर पडलेल्यांसाठी तर संसदेचीही वाट पाहायला नको. विमाधारकांच्या हितासाठी कंपन्यांना निर्देश देण्याचा अधिकार आयआरडीएआयकडे १९९९ च्या कायद्याने आणि विमा कायद्याच्या कलम ३४ ने आहेच. सुरुवात छोटी करा: सक्रिय उपचार संपून ५ वर्षं झाली, की घरकर्जाएवढ्या टर्म विम्यासाठी कर्करोगाचा प्रश्न विचारायचा नाही. लहानपणी आजार झालेल्यांना ही सूट सगळ्यात आधी. पाच वर्षांनंतर काही जणांचा आजार परतेल, त्याचा खर्च सगळ्यांच्या हप्त्यात थोडाथोडा वाटला जाईल. विमा असतो तो यासाठीच. ताईंनी आपला लेखी नकार नियामकाकडे पाठवताना हीच मागणी एका परिच्छेदात लिहावी. रुग्ण संघटनांनी अशी पत्रं गोळा करून पाठवली, तर त्यांचं वजन आणखी वाढेल.

शेवटचा प्रश्न भाचीचा. आईला स्तनाचा कर्करोग झाला म्हणून मुलीला आरोग्य विमा नाकारणं चूक आहे, पण ‘कुटुंबात कोणाला’ हा प्रश्न आयुर्विम्याच्या फॉर्मवर येतोच, आणि त्याचं खरं उत्तर द्यायचं. फेब्रुवारी २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने जय प्रकाश तायल प्रकरणात आनुवंशिक आजारांची सरसकट वगळणूक भेदभाव करणारी ठरवली, आणि पुढच्याच महिन्यात आयआरडीएआयने आरोग्य विम्यातून ती वगळणूक काढायला सांगितली. बीआरसीएची, म्हणजे स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिक धोका दाखवणारी, जनुकीय चाचणी करावी की नाही, हे ताईंनी आणि भाचीने जनुकीय सल्लागाराशी बोलून वैद्यकीय कारणांवर ठरवावं, विम्याच्या भीतीने टाळू नये. मात्र भाची कमावती किंवा सज्ञान झाली असेल, तर तिची स्वतःची आरोग्य पॉलिसी आणि छोटा टर्म विमा याच वर्षी काढून टाका. आज तिच्याकडे निरोगी फाइल आहे आणि ६० महिन्यांचं घड्याळ आजपासून चालू होऊ शकतं.